किल्ली देण्याआधी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत स्वतःला शेडमालक म्हणवणारे आम्ही बहुतेक जण कागदोपत्री भाडेकरूच आहोत. प्लॉट औद्योगिक विकास महामंडळाचा, आपल्याकडे फक्त ९५ वर्षांचा भाडेपट्टा. वरचं बांधकाम आपलं खरं, पण ते दुसऱ्याला वापरायला द्यायचं तर महामंडळाची लेखी परवानगी लागते आणि पोटभाड्याचं शुल्क भरावं लागतं. आमच्या सासऱ्यांना हे माहीत नव्हतं असं नाही. शुल्क वाचतंय म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवलं, आणि पुढे आम्ही तेच पैसे वकिलाच्या टेबलावर मोजत बसलो.

मंदीत टॉवेलचे माग भंगारात गेले, तेव्हा शेड रिकामी ठेवण्यापेक्षा बरं म्हणून मधे पत्र्याचं पार्टिशन पडलं. पुढचा भाग ओळखीतल्या एका जॉबवाल्याला दिला. सूत व्यापाऱ्याचं, माल व्यापाऱ्याचा, हा मजुरीवर विणून देणारा. भाडं रोख, पावती नाही, अनामत किती घेतली ते दोघांनाच ठाऊक. मागच्या खोलीत वॉचमन, त्याची विड्या वळणारी बायको आणि मुलं. त्याला पगार कधी रोख, कधी सणाला उचल. विजेचं मीटर सासऱ्यांच्या नावावर. आपल्याकडे असे व्यवहार शब्दावर चालत आलेत, आणि शब्द पाळणारी माणसं होती तोवर ते चाललेही. सासरे गेले आणि दोन-चार महिन्यांत भाडं थांबलं. जॉबवाला म्हणू लागला, "वहिनी, मामांनी मला माग चालतील तोवर जागा दिलीय. अनामतही मोठी घेतलीय." वॉचमनने रेशन कार्ड दाखवलं. त्यावर पत्ता आमच्या शेडचा.

घरी चर्चा झाली तेव्हा प्रत्येकाचा सल्ला एकच : कुलूप ठोका, लाईट तोडा. मला तो पटत नव्हता, आणि वकिलांनी तर हात जोडले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम २९ प्रमाणे भाडेकरूचं पाणी किंवा वीज तोडणं हा गुन्हा आहे. त्याला जबरदस्तीने बाहेर काढलं, तर विशिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम ६ खाली तो सहा महिन्यांच्या आत दावा लावू शकतो आणि ताबा परत मिळवू शकतो. त्या दाव्यात मालक कोण हा प्रश्न न्यायालय विचारतही नाही; ताबा कुणाचा होता आणि तो कसा काढला, एवढंच पाहतं. म्हणजे भाडं बुडवणारा फिर्यादी आणि आपण आरोपी. पोलीस ठाण्यात गेलं तर "हा दिवाणी मामला आहे" हे उत्तर मिळतं, आणि खरं सांगायचं तर ते बरोबर असतं.

मग दावा. इथे आमचे हात दोन्हीकडून बांधलेले होते. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ म्हणतं की जागा भाड्याने द्या किंवा लिव्ह-लायसन्सने, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी जागामालकाची. नोंदवला नाही तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं. खोटं ठरवायचं ओझं आपल्यावर. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, ती वेगळीच. भाडं थकलं म्हणूनही लगेच दावा लावता येत नाही. आधी ९० दिवसांची नोटीस द्यायची. पुढे समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत त्याने सगळी थकबाकी १५ टक्के व्याजासह न्यायालयात भरली आणि नंतरचं भाडं वेळेवर देत राहिला, तर त्या कारणावरून तो निघत नाही. शिवाय आम्ही न्यायालयात जेवढं खरं बोलणार, तेवढे महामंडळापुढे उघडे पडणार होतो. विनापरवाना पोटभाडं म्हणजे भाडेपट्ट्याच्या अटींचा भंग.

शेवटी प्रकरण लोकअदालतीत तडजोडीने मिटलं. थकीत भाडं आम्ही सोडलं, त्याने ठरल्या मुदतीत माग हलवले. थकलेलं वीजबिल आमच्याच नावावर होतं, ते आम्हीच भरलं. नुकसान झालं, पण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं आणि दाव्याचं न्यायालयीन शुल्क परत मिळतं. वर्षानुवर्षं तारखा मोजण्यापेक्षा मला हे स्वस्त वाटलं.

वॉचमनची गोष्ट वेगळी. कायदा तिथे पूर्ण आमच्या बाजूने होता. गोव्यातल्या एका बहिणीने आपलं घर भावाला सांभाळायला दिलं आणि तो पुढे हक्क सांगू लागला. त्या मारिया मार्गारिडा सिक्वेरा फर्नांडिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट सांगितलं की राखणदार, नोकर किंवा काळजीवाहू म्हणून कितीही वर्षं राहिलं तरी जागेत हक्क निर्माण होत नाही. बारा वर्षं राहिला की जागा त्याची, ही चौकाचौकातली समजूत इथे लागू नाही. परवानगीने राहणाऱ्याचा ताबा विरोधी ठरत नाही. पण तो नोकर होता हे दाखवायला तरी काही हवं : नेमणुकीचं पत्र, बँकेतून गेलेला पगार, राहण्याची खोली नोकरीपुरतीच असल्याची एक ओळ. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. तरीही तो गेला, आणि आमच्या नोटिशीमुळे गेला नाही. कुंभारीत रे नगरमध्ये असंघटित कामगारांची ३०,००० घरांची वसाहत उभी राहिली. त्यातली पहिली १५,००० घरं १९ जानेवारी २०२४ला पंतप्रधानांच्या हस्ते दिली गेली. त्याच्या बायकोच्या नावावर तिथे घर लागलं. जायला जागा मिळाली तसं त्यांनी सामान टेम्पोत भरलं आणि किल्ली स्वतःहून आणून दिली. राहिलेला पगार आम्ही चेकने दिला.

नीलमनगर, विणकर वसाहतीकडे ज्यांच्या भाड्याच्या खोल्या आहेत, त्यांचं काम शेडवाल्यांपेक्षा सोपं आहे, म्हणून त्यांनी तर आळस करूच नये. राहण्यासाठी लिव्ह-लायसन्सने दिलेली जागा मुदत संपूनही सोडली नाही, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट रक्कम मागता येते. लेखी करारात लिहिलेलं तिथे निर्णायक पुरावा मानलं जातं. ही वाट फक्त निवासी जागेला आहे. कारखान्याच्या शेडला नाही. कोर्टाबाहेर टाईप करून नोटरी केलेल्या ११ महिन्यांच्या कागदावर मात्र विसंबू नका. वर्षाहून कमी मुदतीला नोंदणी नको, हा समज कलम ५५ने केव्हाच मोडीत काढलाय. नोंदणी आता ऑनलाईन, आधारच्या अंगठ्याने होते. एकूण भाड्यावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क आणि महापालिका हद्दीत १,००० रुपये नोंदणी शुल्क. अनामतीवरच्या व्याजाचा हिशेब त्यात धरतात, म्हणून अनामत खरीच लिहा. जुन्या पिढीला लिव्ह-लायसन्सची धास्ती वाटते, कारण १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांना तेव्हाच्या मुंबई भाडे कायद्यातल्या दुरुस्तीने भाडेकरू ठरवलं होतं. ती धास्ती अजून घराघरात आहे, पण तो कायदा ३१ मार्च २०००पासून रद्द आहे.

हल्ली ऐकते, "नवा कायदा येतोय, मग बघू." केंद्राने २ जून २०२१ला आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला, त्यात घराला दोन महिन्यांच्या आणि इतर जागांना सहा महिन्यांच्या भाड्याइतकीच अनामत सुचवली आहे. पण तो राज्यांसाठी नमुना आहे. राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. सोलापूरच्या न्यायालयात आजही १९९९चाच कायदा चालतो. तेव्हा शेड द्यायची असेल तर आधी महामंडळाच्या कार्यालयात परवानगीचा अर्ज टाका, वीजबिल कोण भरणार ते करारात लिहून घ्या, करार नोंदवा, आणि तोवर किल्ली आपल्याच खिशात ठेवा.