अमानत

पोरी, भालकी तालुक्यातल्या मराठी शाळेवर रुजू होतेस म्हणून सांगते. शाळेच्या वेळात मुलांच्या हातात फोन नको, यात दुमत नको. पण ‘जप्त केला’ हा शब्द तोंडात येऊ देऊ नकोस. विश्वासाने सांभाळायला दिलेल्या वस्तूला आपल्या बिदर-कलबुर्गीकडे अमानत म्हणतात, तसा तो घे आणि तसाच परत दे.

शिंप्याकडून जाड कापडाची, खणाखणांची पिशवी शिवून घे. हजेरीचा जो नंबर, तोच खणाचा. प्रार्थनेआधी फोन बंद करायला लाव. नुसता आवाज घालवलेला फोन खणात घरघरला, तरी सगळा वर्ग तिकडे बघतो. वरचे दोन खण बिननंबराचे ठेव: एकात तुझा फोन, दुसऱ्यात हेडमास्तरांचा. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. पोरांच्या अभ्यासासाठी होतं, पण बंद सगळ्या गावाने ठेवलं, मोठ्यांनीसुद्धा. मला त्यातलं हेच मोलाचं वाटतं.

पालक म्हणतील, अभ्यासालाच लागतो. चिडू नकोस. २०२० साली शाळा बंद पडल्यावर आम्हीच दारोदार जाऊन ‘पोरांना फोन द्या’ म्हणालो होतो. त्यांना ‘असर’ या शैक्षणिक पाहणीचे २०२४ चे आकडे सांग: खेड्यातल्या चौदा ते सोळा वर्षांच्या ज्या मुलांना फोन चालवता येत होता, त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आठवडाभरात तो अभ्यासाला वापरला होता, आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडियाला.

कन्नडच्या तासाला मात्र जपून. मराठी घरातलं पोर शब्दाला अडलं की अर्थ शोधायला फोन मागतं. त्याच्या शेजारी घरी कन्नड बोलणारं पोर बसव, त्याला विचारू दे. दोघांच्या तोंडात शब्द बसतो.

एक चूक माझ्या हातून झाली, ती तू करू नकोस. एका मुलाचा फोन मी दोन दिवस कपाटात ठेवला. त्याचे आईवडील पुण्याला बांधकामावर, घरी म्हातारी आजी. घरात तेवढा एकच फोन. आई दोन रात्री फोन लावत राहिली आणि इकडे पोर जेवलं नाही. त्या आईचा आवाज अजून माझ्या कानात आहे. तेव्हापासून रात्रभर कुणाचा फोन ठेवला नाही. फोन शाळेत का येतो, हे आधी घरी जाऊन विचार. शाळेचा नंबर प्रत्येक वहीच्या मागच्या पानावर लिहून दे. निरोप आला की तास थांबवून पोराला बोलावून आण. आणि कुणाच्याही फोनमधले फोटो, मेसेज उघडून बघू नकोस, हेडमास्तरांनी सांगितलं तरी.

मधल्या सुट्टीत पहिले काही दिवस पोरं नुसती भिंतीला टेकून उभी राहतील. लगोरीला फरशीचे तुकडे आणि एक चेंडू तयार ठेव, आणि पहिला डाव तू खेळ.

सुटायच्या दहा मिनिटं आधी पिशवी उघड. लांबच्या गावच्या पोरांना बस गाठायची असते, त्यांचे फोन आधी. एकेकाचं नाव घेऊन हातात दे.