रस्त्याचे नाव कोणी ठेवायचे?

वहीच्या मागच्या पानावर तुमचा पत्ता लिहा. घर क्रमांक, गल्ली, रस्ता, शहर. त्या रस्त्याचे नाव कोणी ठेवले, हे किती जणांना ठाऊक आहे?

मुंबईचेच पाहा. ग्रँट रोड हे नाव गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्यावरून पडले. पुढे त्या रस्त्याला मौलाना शौकत अली यांचे नाव देण्यात आले; रेल्वेचे स्टेशन मात्र ग्रँट रोडच राहिले. हॉर्नबी रोडचा दादाभाई नौरोजी मार्ग झाला आणि तो लोकांनी स्वीकारला. लॅमिंग्टन रोडचे अधिकृत नाव आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. पण तेथे विजेचे सामान आणायला जाणारा माणूस अजूनही जुनेच नाव सांगतो.

मी लहान असताना आमच्या गल्लीत एके दिवशी नवी पाटी लागली. नाव चांगले होते, पण कोणाला विचारले नव्हते. शेजारच्या खालांच्या मुलाने मनीऑर्डरवर कौतुकाने नवे नाव लिहिले. पोस्टात ते कोणालाच माहीत नव्हते. पैसे दोनदा परत गेले. खालांनी तो महिना उधारीवर काढला.

म्हणून जुने नाव नेहमी राखावेच, असे नाही. काही वस्त्यांची नावे जातीवरून पडली होती. पत्ता सांगताना तेथील मुलांची मान खाली जाई. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने अशी नावे बदलण्याचा निर्णय घेतला. समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर अशी नावे सुचवण्यात आली. येथे बदल हवाच होता. मात्र नवे नाव कोणते, हे तेथे राहणाऱ्यांनी ठरवावे, असे मला वाटते.

शहरातील रस्त्याच्या नावाला महानगरपालिकेची मंजुरी लागते. रहिवासी अर्ज करू शकतात, हरकतही कळवू शकतात. येथे जरा थांबा! उर्दूत 'हरकत' म्हणजे हालचाल किंवा कृती. मराठीत 'हरकत' म्हणजे आक्षेप. 'माझी हरकत नाही' म्हणजे 'मला मान्य आहे'.

तुमच्या मोहल्ल्यात अर्ज करायचा झाला, तर आधी घरोघरी जा. बायकांना विचारा, भाडेकरूंना विचारा, कोपऱ्यावरच्या दुकानदारालाही विचारा. ज्यांना नाव पसंत नाही, त्यांचे कारणही लिहून घ्या. मग सह्या. नव्या पाटीवर काही वर्षे जुने नावही लहान अक्षरांत ठेवावे, हे लिहायला विसरू नका. पोस्टमन दुवा देईल.