शालेय उपक्रम : आरंभापासून समाप्तीपर्यंत
(परसबागेच्या उदाहरणाने)

शाळेचे दैनंदिन अध्यापन आणि शाळेतील उपक्रम यांत एक मूलभूत भेद आहे. अध्यापन वर्षानुवर्षे अखंड चालते. उपक्रमाला आरंभ असतो, तसाच शेवटही असावा लागतो. ठरावीक काळात व हाती असलेल्या साधनांनी, पूर्वी नसलेली एखादी गोष्ट सिद्ध करणे म्हणजे उपक्रम होय. शिक्षणशास्त्रात ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ साली प्रकल्प पद्धतीवर लिहिलेल्या निबंधात हेतू, योजना, कार्यवाही आणि मूल्यमापन अशा चार पायऱ्या मांडल्या. आपल्याकडे १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर नई तालीमने उत्पादक कामालाच शिक्षणाचे केंद्र मानले. अध्यापक विद्यालयात हे सर्व आपण शिकलोच आहोत. तरीही उद्घाटनाचा फलक भिंतीवर शाबूत आणि त्याखाली वाळलेले वाफे, असे दृश्य शाळाभेटीत पुष्कळदा दिसते. शिक्षकांच्या परिश्रमांत उणीव असते असे नाही. हेतू मोघम राहतो आणि शेवट कोणता हे कोणीच ठरविलेले नसते.

प्रथम हेतूचा विचार करू. ‘शाळेत परसबाग करणे’ हा हेतू नव्हे. ते केवळ कामाचे नाव झाले. हेतू असा लिहावा की, तो साधला किंवा नाही हे चौथीच्या मुलालाही सांगता आले पाहिजे. उदाहरणार्थ, साठ पटाच्या प्राथमिक शाळेने असे लिहावे : ‘१५ डिसेंबरपासून मार्चअखेरपर्यंत आठवड्यातून एक दिवस सर्व मुलांच्या आहारात शाळेत पिकलेली मेथी असेल.’ एवढे लिहिताच गणित सुरू होते. शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गातील मुलामागे ५० ग्रॅम भाजी धरलेली आहे. म्हणजे साठ मुलांना ३ किलो भाजी लागेल. एका चौरस मीटरमध्ये साधारण पाऊण किलो मेथी निघते असे धरल्यास त्यासाठी ४ चौरस मीटरचा एक वाफा हवा. मेथी सुमारे चार आठवड्यांत काढणीस येते आणि वाफा पुन्हा तयार करण्यास एक आठवडा जातो. सबब दर आठवड्यास भाजी हवी असेल, तर असे पाच वाफे, आठवड्याच्या अंतराने पेरलेले, असावे लागतील. आठवड्यातून दोन दिवस भाजी द्यावी असे कोणास वाटले, तर दहा वाफे लागतील. उत्साहाच्या भरात आपण दहा वाफ्यांचा संकल्प करतो आणि पाच वाफ्यांचेही पाणी आपल्याजवळ नसते.

पाण्याचा हिशोब आधीच करावा. पाच वाफ्यांचे २० चौरस मीटर आणि टोमॅटो, वांगी यांसाठी आणखी १० धरले, तर एकूण ३० चौरस मीटर होतात. थंडीच्या दिवसांत चौरस मीटरला रोज सुमारे ४ लिटर धरल्यास १२० लिटर पाणी लागेल. बारा लिटरच्या दहा बादल्या. आता साठ मुले जेवणापूर्वी हात धुतात आणि जेवणानंतर ताटे विसळतात, त्यात मुलामागे दोन लिटर पाणी जात असेल, तर तेही १२० लिटरच होते. साबण नसलेले हे पाणी एका चरातून वाफ्यांकडे वळविता आले, तर विहिरीवर जाण्याचे कारण फक्त सुटीच्या दिवशी उरेल. आपल्या शाळेत किती पाणी खर्च होते, हे मुलांकडून आठवडाभर मोजून घ्यावे. मापन या घटकाचा याहून चांगला पाठ मला तरी ठाऊक नाही.

योजना आखताना कामांची केवळ यादी करून भागत नाही. कोणते काम कोणासाठी थांबते, हे पाहावे लागते. १९५८ च्या सुमारास अमेरिकेच्या नौदलाने हजारो कामांची गुंतागुंत असलेल्या क्षेपणास्त्र योजनेसाठी याच विचारावर आधारलेली नियोजनाची रीत उपयोगात आणली. आपल्याला त्यातील तत्त्व तेवढे पुरे आहे. कुंपण नसेल, तर पेरणी व्यर्थ होय, कारण शेळ्यांना आपला हेतू ठाऊक नसतो. कुंपणासाठी बाभळीच्या काट्या गावकऱ्यांकडून मिळवायच्या, त्यास एक आठवडा. कुंपण घालण्यास दुसरा. वाफे खणून शेणखत मिसळण्यास तिसरा. आणि पुढे पिकाचे चार. ही सात आठवड्यांची साखळी झाली. १५ डिसेंबरपासून मागे मोजत गेल्यास आपण २७ ऑक्टोबरवर येतो. दिवाळीची सुटी याच सुमारास येत असल्याने कुंपणाची बोलणी ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात झाली पाहिजेत. या साखळीतील कोणतेही काम एक दिवस लांबले, की भाजी एक दिवस लांबते. बियाणे आणणे, खुरप्यास मूठ बसविणे, फलक रंगविणे ही कामे मधल्या काळात केव्हाही करता येतात; पण सोपी असल्याने आपण तीच आधी उरकतो! टोमॅटो-वांग्याची रोपे मेथीच्या साखळीबाहेर आहेत. तथापि गादीवाफ्यावर त्यांना चार-पाच आठवडे लागतात. पेरणी सुटीपूर्वी केली, तर सुटीत पाणी कोण घालणार याचे नाव आधी लिहावे. नाव लिहिता येत नसेल, तर पेरणी सुटीनंतर करावी.

पैशासंबंधी थोडक्यात सांगतो. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ठराव करून घ्यावा. २००९ च्या कायद्यानुसार या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे काट्या, शेणखत आणि एका रविवारचे श्रमदान हे बहुधा तेथेच मिळून जाते. रोख खर्च त्याच दिवशी कीर्दीत आणि अवजारे साठा नोंदवहीत चढवावीत. प्रत्येक कामापुढे एकाच व्यक्तीचे नाव असावे. ‘सर्वांनी मिळून’ असे लिहिलेले काम कोणाचेच नसते.

कार्यवाहीच्या काळात दर शनिवारी पंधरा मिनिटे पुरेत. ठरलेले काय होते आणि झाले काय, एवढे दोन रकाने मुलांनीच भिंतीवरील तक्त्यात भरावेत. अंतर पडले, तर कारण शोधून योजनेत त्याच दिवशी बदल करावा. फेब्रुवारीत विहीर खाली गेली, तर आहे ते पाणी सर्व वाफ्यांना थोडेथोडे देऊन सगळेच वाळवू नये. दोन वाफे सोडून द्यावेत, तीन जगवावेत आणि भाजी पंधरवड्यातून एकदा मिळेल असे मुलांना व समितीला सांगावे. हेतू उघडपणे कमी करण्यात कमीपणा नाही. एक पथ्य कटाक्षाने पाळावे : खोल खणणे, काट्या तोडणे ही कामे प्रौढांची आहेत, कीटकनाशक शाळेत आणूच नये, आणि बागेच्या नावाखाली वाचन-गणिताचा तास जाऊ नये.

समाप्तीबद्दल अधिक लिहिणे भाग आहे. अलीकडे छायाचित्र वरिष्ठांकडे पाठविले, की उपक्रम संपला असे मानण्याची पद्धत पडली आहे. यास आम्ही अधिकारीही काही अंशी कारणीभूत आहोत, कारण छायाचित्रे आम्हीच मागवितो. मुले ते सर्व पाहत असतात. ज्यांनी बादल्या वाहिल्या, त्यांना जूनमध्ये उजाड वाफे दिसले आणि कोणी काही बोललेच नाही, तर मोठी माणसे आरंभ करतात व सोडून देतात, हाच पाठ ती घेऊन जातात. आपल्या हेतूत ‘मार्चअखेर’ हा शब्द आहे, तो येथे उपयोगी पडतो. मार्चच्या शेवटच्या शनिवारी किती आठवडे भाजी मिळाली आणि किती किलो मिळाली, हे मुलांनी समितीपुढे वाचून दाखवावे. मग हंगामी पिके काढून वाफे मोकळे करावेत. मे महिन्यातील मोकळा वाफा हा नियोजित शेवट असतो. वाळलेल्या रोपांनी भरलेला वाफा तसा नसतो. शेवगा, कढीपत्ता अशी टिकणारी झाडे शेजारच्या एकेका घराकडे नावानिशी सोपवावीत.

बदलीचा आदेश बहुधा याच सुमारास येतो. नवीन शिक्षकास प्रभारात किल्ल्या व दप्तर मिळते, बागेविषयी काहीच मिळत नाही, आणि पुढील वर्षी तो पुन्हा फलक रंगविण्यापासून सुरुवात करतो. यास्तव प्रभार यादीस एक पान जोडावे. त्यावर वाफ्यांचा मापासह नकाशा, पेरणी व काढणीच्या खऱ्या तारखा, काट्या व शेणखत देणाऱ्या घरांची नावे, अवजारांची संख्या, पाणी कोणत्या महिन्यात कमी पडले ती नोंद, आणि एका कोपऱ्यात न कापता राखलेल्या मेथीचे बियाणे कोणत्या डब्यात ठेवले आहे, हे लिहावे. खाली जाणाऱ्या व येणाऱ्या दोन्ही शिक्षकांच्या स्वाक्षऱ्या घ्याव्यात आणि एक प्रत समितीच्या अध्यक्षांकडे द्यावी, कारण त्यांची बदली होत नाही.