खालचा सुळा : न उगवलेल्या दाताची मोजदाद

मुलाचा दात दुखू लागला की सारे घर जागे होते. परंतु उगवायचा दात उगवलाच नाही, तर ते बहुधा कोणाच्याच ध्यानात येत नाही. प्रस्तुत लेखात अशाच एका मुक्या दाताचा विचार करावयाचा आहे.

समोरचे चार पटाशीचे दात आणि मागील दाढा यांच्यामध्ये दोन्ही बाजूंस एकेक टोकदार दात असतो, तो सुळा. खालचे कायमचे सुळे साधारणतः नवव्या-दहाव्या वर्षी येतात, वरचे अकराव्या-बाराव्या वर्षी. जागा अपुरी पडली, दाताचा अंकुर आडवा झाला, किंवा वाटेत जादा दात अथवा गाठ आली, म्हणजे सुळा हाडातच अडून राहतो.

असे किती जणांत घडते? सामान्य लोकांत वरचा सुळा शंभरांत सुमारे एक ते तीन जणांचा अडतो. खालचा त्याहून पुष्कळच विरळा. हजारांत चार-पाच सापडले तरी पुष्कळ. दात सरळ करून घेण्यास येणाऱ्या मुलांत मात्र हे प्रमाण अधिक भरते. याचे कारण उघड आहे. दातांची ठेवण बिघडलेली मुलेच तेथे येतात. चष्म्याच्या दुकानात बसून गावातील अधू नजरेची खानेसुमारी करू नये, तसेच हे. म्हणून असा आकडा वाचताना, ‘कोणाची मोजणी केली?’ हा प्रश्न प्रथम विचारावा.

परंतु विरळा म्हणून दुर्लक्ष करणेही बरे नव्हे. अडलेला खालचा सुळा कधी कधी हाडातल्या हाडात सरकत हनुवटीची मध्यरेषा ओलांडून दुसऱ्या बाजूस जातो. त्याची संवेदना-नाडी मात्र मूळच्याच बाजूची राहते. इतका दूर गेलेला दात पुन्हा स्वस्थानी आणणे बहुधा शक्य होत नाही. मग तो काढावा लागतो, किंवा वरचेवर क्ष-किरण चित्र घेऊन त्यावर नजर ठेवावी लागते.

वेळीच कळले तर गोष्ट निराळी. दुधाचा दात काढून वाट मोकळी करता येते. नाहीतर हिरडी उघडून, सुळ्यास तार जोडून त्यास हळूहळू ओढून आणता येते. यास कित्येक महिने लागतात, पण आपला दात आपल्या जागी येतो.

‘दुधाचा दात अजून कसा घट्ट आहे!’ असे आई कौतुकाने म्हणते, तेव्हा मुलाचे वय विचारावे. दहा वर्षे उलटली असतील, किंवा एका बाजूचा सुळा येऊन सहा महिने झाले तरी दुसऱ्या बाजूस काहीच दिसत नसेल, तर दंतवैद्यास दाखवून क्ष-किरण चित्र घ्यावे की काय, ते विचारावे. पालकांनी मुलांच्या वाढदिवशी एकदा त्यांचे दात मोजावेत. त्यास खर्च नाही, आणि वेळही फार लागत नाही.