पहिले दूध

मुलांनो, गायीचे वासरू जन्मल्यावर थोड्याच वेळात उभे राहते आणि आचळ शोधते. माणसाचे बाळ मात्र वर्षभराने चालू लागते. मग दोघांना एकच दूध कसे चालेल?

प्रत्येक सस्तन प्राण्याचे दूध त्याच्या पिलाच्या गरजेप्रमाणे असते. उत्तर अटलांटिक महासागराच्या बर्फावर हुडेड सील हा प्राणी पिलाला जन्म देतो. तेथे कडाक्याची थंडी असते आणि बर्फ केव्हा फुटेल याचा नेम नसतो. या मादीच्या दुधात सुमारे ६० टक्के चरबी असते. अवघ्या चार दिवसांत पिलाचे वजन दुप्पट होते!

वासरू झपाट्याने वाढते. म्हणून गायीच्या १०० ग्रॅम दुधात सुमारे सव्वातीन ग्रॅम प्रथिने असतात. आईच्या दुधात ती सुमारे १ ग्रॅमच असतात. पण साखर जास्त, सुमारे ७ ग्रॅम असते. बाळाच्या वाढत्या मेंदूला तिच्यापासून ऊर्जा मिळते.

बाळंतपणानंतर पहिले दोन-तीन दिवस आईला घट्ट, पिवळसर दूध येते. त्याला चीक म्हणतात. काही घरांत ते खराब समजून टाकून देतात आणि बाळाला मध चाटवतात. ही मोठी चूक आहे. चिकात रोगांपासून रक्षण करणारी द्रव्ये असतात. मध तर वर्षभर देऊच नये. जन्मल्यावर तासाभरात बाळाला आईचे दूध पाजावे. पहिले सहा महिने तेच द्यावे. वरचे पाणीही नको.

तुमच्या घरी बाळ जन्माला आले, तर ही गोष्ट दादीला, खालाला अदबीने सांगा. तुमचे शिक्षण त्या बाळाच्या उपयोगी पडेल.