तांडा कसा वसला?



तुझं गाव कोणतं, असं कुणी विचारलं की मी सांगतो, तांडा. मग काही मुलं हसतात. म्हणून मी आजाला विचारून आणि गुरुजींकडून माहिती घेऊन हा पाठ लिहिला आहे.

तांडा हे पहिल्यांदा गाव नव्हते. माल लादलेले बैल आणि त्यांच्याबरोबर चालणारी माणसे, बायका, लेकरे म्हणजे तांडा. आम्हाला बंजारा किंवा लमाण म्हणतात. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मीठ व धान्य दूरदूर नेत असत. तांड्याचा पुढारी म्हणजे नायक. तावर्निये नावाचा फ्रेंच व्यापारी सुमारे ३५० वर्षांपूर्वी भारतात आला होता. त्याने लिहून ठेवले आहे की, एकेका तांड्यात दहा-बारा हजार बैल असत. असा तांडा समोरून आला की गाडीवाल्यांना कधी कधी दोन-तीन दिवस थांबावे लागे!

१८५३ साली मुंबई ते ठाणे रेल्वे सुरू झाली. पुढे रूळ सगळीकडे गेले. माल रेल्वेने जाऊ लागला आणि बैलांचा धंदा बसला. मग जिथं चारा-पाणी होतं तिथं, माळावर नाहीतर डोंगराच्या कडेला तांडे थांबले. म्हणून तांडा गावापासून लांब असतो. आजा म्हणतो, "धोंडे येचून येचून रान केलंय बाळा."

अमेरिकेतही १८४० नंतर हजारो लोक बैलगाड्या घेऊन पश्चिमेकडे निघाले. ओरेगॉनची वाट सुमारे ३,२०० किलोमीटर होती. चालायला चार ते सहा महिने लागत. १८६२ च्या कायद्याने तिथे पाच वर्षे राहून शेती करणाऱ्याला १६० एकर जमीन मिळे. पण ती जमीन तिथल्या मूळ लोकांची होती. त्यांना हुसकावून लावले, हे वाईट झाले. १८६९ साली तिथे आरपार रेल्वे झाली आणि वस्ती आणखी वाढली. रेल्वेने तिकडे माणसे वसवली, इकडे आमचा धंदा नेला.

वसंतराव नाईक हे पुसदजवळच्या गहुलीचे, आमच्याच समाजाचे. ते १९६३ ते १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते.

तांडा वसला, पण फिरणं सुटलं नाही. मुकादमाची उचल घेतली की दिवाळीनंतर ऊसतोडीला जावं लागतं. मागच्या साली मीपण गेलो होतो. फडात वाढे गोळा केले. परत आलो तेव्हा वर्गाचे भागाकार शिकून झाले होते. मला एकट्यालाच येत नव्हते. यंदा याडी मला आजीपाशी ठेवणार आहे. पण माझ्या बाकावरचा दोस्त जाणार आहे.

पालकांनो, तुम्ही जा, पण लेकराला ठेवून जा. आणि मित्रांनो, तांडा म्हटलं की हसू नका. तुमच्या गावाला मीठ आम्हीच आणून दिलं होतं.

— इयत्ता चौथीचा एक विद्यार्थी