डोंगरावरचे शहर आणि रोखलेली पापक्षमा



तीर्थयात्रा म्हटली की आपल्याला फातिमा, लूर्ड्स आणि रोम आठवते. आज जरा वेगळ्या वाटेने जाऊ. मेक्सिकोच्या दक्षिणेला चियापास राज्यात, सुमारे ७,००० फूट उंचीवर सान क्रिस्तोबाल दे लास कासास हे शहर आहे. १५२८ साली स्पॅनिश लोकांनी ते वसवले. तिथे गेलेला पाहुणा प्रथम चौकातले पिवळ्या दर्शनी भिंतीचे कॅथेड्रल पाहतो. मग तो सांतो दोमिंगोच्या कोरीव चर्चसमोर भरणाऱ्या बाजारात हातमागाचे कापड घेतो. फोटो काढून बहुतेक जण परततात. पण शहराच्या नावातला 'लास कासास' कोण, हे कळल्याशिवाय ती भेट अपुरीच.

बार्तोलोमे दे लास कासास हे धर्मगुरू आधी क्युबात जमीन आणि राबणारे आदिवासी बाळगून होते. १५१४ साली पेंटेकॉस्टच्या प्रवचनाची तयारी करताना त्यांनी बेनसिराच्या पुस्तकातील ३४ वा अध्याय वाचला. गरिबांकडून लुबाडलेल्या वस्तूंचे अर्पण देवाला नको असते, असा त्याचा आशय आहे. त्यांनी आपल्या ताब्यातले आदिवासी सोडून दिले. पुढे ते डॉमिनिकन संघात गेले आणि १५४५ साली या शहरात बिशप म्हणून आले.

त्याच वर्षीच्या उपवासकाळात त्यांनी फर्मान काढले: ज्यांनी आदिवासींना गुलाम केले आहे, त्यांनी त्यांना मुक्त केल्याशिवाय पापक्षमा मिळणार नाही. शहर खवळले. खुद्द कॅथेड्रलच्या डीनने आज्ञा मोडून अशा लोकांना पापक्षमा दिली. बिशपांच्या जिवावर बेतले. वर्षभरातच त्यांना शहर सोडावे लागले.

हे फार कडक झाले का? प्रायश्चित्त संस्काराच्या पेटीत बसणाऱ्या माणसाला हा प्रश्न सोपा नाही. पण चोरलेली गाय गोठ्यात ठेवून चोरीची क्षमा मागता येत नाही, हे आपण लहानपणी प्रश्नोत्तरात शिकलोच ना? लास कासास यांनी नवे काही सांगितले नाही. 'गाय' या शब्दाच्या जागी त्यांनी माणूस ठेवला एवढेच.

१५५०-५१ साली स्पेनमधील वायादोलिद येथे सेपुल्वेदा या पंडिताशी त्यांचा वाद झाला. काही माणसे जन्मतःच गुलाम असतात, हे अॅरिस्टॉटलचे मत सेपुल्वेदाने पुढे केले. (तत्त्वज्ञान शिकलेल्यांनी हे विसरू नये, मोठा ग्रंथही वाईट कामाला जुंपता येतो.) लास कासास यांच्यावरही एक डाग आहे. आदिवासींचे कष्ट वाचावेत म्हणून त्यांनी एकेकाळी आफ्रिकन गुलाम आणण्याची सूचना केली होती. त्याचा त्यांना पुढे पश्चात्ताप झाला आणि तो त्यांनी लिहूनही ठेवला.

चारशे वर्षांनी त्याच आसनावर बिशप सामुएल रुईस आले. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेत ते सहभागी होते. आपल्याकडे मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली ती याच परिषदेमुळे. रुईस आदिवासींच्या भाषा शिकले आणि गावोगावच्या विवाहित आदिवासी पुरुषांना त्यांनी डीकनपदाची दीक्षा दिली. १९९४ च्या सापातिस्ता उठावानंतर त्यांनी सरकार आणि बंडखोर यांच्यात मध्यस्थी केली. २२ डिसेंबर १९९७ रोजी त्यांच्याच धर्मप्रांतातील आक्तेआल गावात प्रार्थनेला जमलेल्या ४५ जणांना बंदूकधाऱ्यांनी ठार केले. डीकनांची संख्या फार वाढली म्हणून २००२ साली रोमने नव्या दीक्षा थांबवल्या. २०१४ साली त्या पुन्हा सुरू झाल्या. १५ फेब्रुवारी २०१६ रोजी पोप फ्रान्सिस येथे आले आणि कॅथेड्रलमध्ये रुईस यांच्या कबरीपाशी त्यांनी प्रार्थना केली.

२० ऑक्टोबर २०२४ च्या रविवारी याच शहरात मिस्सा आटोपून निघालेले त्सोत्सील आदिवासी धर्मगुरू फादर मार्सेलो पेरेस यांना गोळ्या घालून मारण्यात आले. आदिवासींच्या हक्कांसाठी आणि शांततेसाठी ते झटत होते. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला या धर्मप्रांतातील आदिवासी भाषांतल्या मिस्सेत पारंपरिक नृत्य करण्यास आणि स्त्रियांनी धूप देण्यास रोमने मान्यता दिली.